एक तप परदेशात आणि मग मोटारीचा हिशोब: हिरोफुमी उझावांची पार्श्वभूमी

इकॉनॉमिक्सच्या एमएला ग्रोथ थिअरी, म्हणजे आर्थिक वाढ कशी होते त्याची थिअरी, शिकलेल्या कुणालाही उझावा हे नाव माहीत असतं, पण नुसतं नावच. सोलोचं मॉडेल झालं की पाठोपाठ उझावाचं थिअरम येतं, परीक्षेला विचारतात म्हणून प्रूफ घोकायचं आणि पुढच्या चॅप्टरला लागायचं, मीही तेच केलं. हा माणूस जपानी एवढंच काय ते डोक्यात राहिलं. याच माणसाने १९७४ साली टोकियोतल्या एका मोटारीमागे वर्षाला २० लाख येन वसूल व्हायला हवेत असा हिशोब मांडला, मिनामाताच्या, म्हणजे कारखान्याच्या पाऱ्यामुळे आजारी पडलेल्या, पेशंटांना भेटायला गेला, विमानतळासाठी जमीन न देणाऱ्या शेतकऱ्यांच्या आणि सरकारच्या मधे जाऊन बसला, हे मला कळायला पुढची बरीच वर्षं जावी लागली. आणि कळल्यावर पहिला प्रश्न हाच पडला की शिकागोत फुल प्रोफेसर, वय चाळिशीला आलेलं, जगातल्या मोजक्या थिअरीवाल्यांमधे गणना, असा माणूस सगळं सोडून टोकियोला असोसिएट प्रोफेसर व्हायला परत का गेला?

याचं नेहमी मिळणारं उत्तर असं, की उझावा दोन होते, एक आधीचे गणिती, दुसरे नंतरचे समाजाची काळजी करणारे, आणि मधे कुठेतरी त्यांचा सांधा बदलला. मला हे पटत नाही. त्यांची सुरुवात कुठून झाली ते नीट बघितलं की कळतं, प्रश्न पहिल्यापासून एकच होता, गणित हा त्याच्याकडे जायचा एक रस्ता होता आणि तो रस्ता त्यांनी अगदी टोकापर्यंत चालून बघितला.

तर सुरुवातीपासून. २१ जुलै १९२८ ला तोत्तोरी प्रांतातल्या योनागो या गावी जन्म, जपानच्या पश्चिमेकडच्या किनाऱ्यावरचं हे गाव. लहानपणीच कुटुंब टोकियोला आलं. युद्ध संपलं तेव्हा हा मुलगा १७ वर्षांचा, टोकियो जळून खाक झालेलं, खायला नाही, आणि त्या वयात त्याला डॉक्टर व्हायचं होतं. म्हणजे तयारी त्याच बाजूची चालली होती. मग त्याने वैद्यकीय सोडून गणित घेतलं, आणि त्याचं कारण त्यांनी पुढे सांगितलंय ते असं की डॉक्टरने घ्यायची जी शपथ असते ती पेलण्याइतका मी चांगला माणूस आहे असं मला वाटेना. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण डॉक्टर, पेशंट, शपथ या गोष्टी पन्नास वर्षांनी त्यांच्या इकॉनॉमिक्समधे परत येतात.

टोकियो युनिव्हर्सिटीच्या गणित विभागातून ते १९५१ ला बाहेर पडले आणि पुढे तिथेच रिसर्च करायची खास संधीही मिळाली, म्हणजे गणितातच राहिले असते तरी आयुष्य छान गेलं असतं. पण आजूबाजूला देश भुकेला आणि आपण बंद खोलीत शुद्ध गणित करतोय हे त्यांना सहन होईना. त्याच काळात त्यांच्या हातात कावाकामी हाजिमे यांचं गरिबीवरचं जुनं पुस्तक आलं. कावाकामी हे क्योतोचे प्रोफेसर, १९१६ ला त्यांनी पेपरात लेखमाला लिहिली, श्रीमंत देशांतसुद्धा इतकी माणसं गरीब का राहतात असा साधा प्रश्न घेऊन, आणि तिचंच पुढे पुस्तक झालं. पुढे त्यांची खुर्ची गेली आणि मार्क्सवादी म्हणून तुरुंगवासही झाला. त्या पुस्तकात इंग्रज लेखक जॉन रस्किनचं एक वाक्य आहे, की माणसाचं जगणं हीच खरी संपत्ती, दुसरी कुठली नाही, आणि उझावा हे वाक्य म्हातारपणापर्यंत सांगत राहिले. समाजाचा डॉक्टर व्हायचं म्हणून आपण इकॉनॉमिक्सकडे आलो असं ते म्हणायचे, आणि हे नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं.

आता खरी गंमत पुढे आहे. इकॉनॉमिक्सची रीतसर डिग्री नसलेला हा मुलगा स्वतःचं स्वतः वाचत होता आणि तेव्हा अमेरिकेत केनेथ अ‍ॅरो आणि लिओनिड हुरविच हे दोन इकॉनॉमिस्ट एका प्रश्नामागे लागले होते, की वरून कुणी हुकूम न सोडता, नुसते भाव वरखाली करत करत, सगळी इकॉनॉमी योग्य वाटपाला पोचू शकते का. म्हणजे एखाद्या वस्तूची टंचाई झाली की भाव थोडा वाढवायचा, माल पडून राहिला की कमी करायचा, परत बघायचं, परत बदलायचं, असं केल्यावर शेवटी नीट जागी येऊन थांबतं का की नुसतं हेलकावत राहतं. उझावांनी यावर एक पेपर लिहिला आणि सरळ अ‍ॅरोंना पोस्टाने पाठवून दिला. ओळख नाही पाळख नाही. अ‍ॅरोंनी तो वाचला आणि त्यांना स्टॅनफर्डला बोलावून घेतलं. साल १९५६.

त्या कामातून १९५८ ला अ‍ॅरो, हुरविच आणि उझावा अशा तिघांच्या नावाने पुस्तक आलं, आणि त्यातली एक पायरीपायरीने उत्तराकडे सरकायची पद्धत आजही उझावांच्या नावाने ओळखली जाते. गंमत म्हणजे ती वापरणारे बरेचसे लोक इकॉनॉमिक्सवाले नसतातच, द्रवाचा प्रवाह कॉम्प्युटरवर सोडवणारे इंजिनीअर असतात, आणि उझावा हे कुणी इकॉनॉमिस्ट होते हे त्यांतल्या कित्येकांना माहीतही नसेल.

मग वेग बघा. स्टॅनफर्ड, मधे थोडा काळ बर्कली, परत स्टॅनफर्ड, आणि १९६४ ला शिकागोत फुल प्रोफेसर, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. १९६१ आणि १९६३ ला दोन क्षेत्रांच्या मॉडेलवरचे पेपर, म्हणजे इकॉनॉमीत एक क्षेत्र खायच्या-वापरायच्या वस्तू बनवतं आणि दुसरं मशिनं बनवतं असं धरलं तर वाढ स्थिर कधी राहते. उत्तर असं आलं की वापरायच्या वस्तू बनवणाऱ्या क्षेत्रात कामगारामागे भांडवल जास्त लागत असेल तर गाडी रुळावर राहायची खात्री देता येते. १९६१ लाच ते परीक्षेतलं थिअरम, की इकॉनॉमी कायम एका संथ गतीने वाढत राहायची असेल तर तंत्रज्ञानाची सुधारणा अशी हवी की जणू प्रत्येक कामगाराचे हात वाढतायत, नुसती मशिनं सुधारून ते होत नाही. आणि १९६५ चा पेपर तर माझ्या मते सगळ्यात पुढचा, त्यात त्यांनी शिक्षणालाच मॉडेलमधे आणलं, की समाजातले काही लोक माल बनवण्याऐवजी बाकीच्यांची क्षमता वाढवण्याचं काम करतात आणि वाढ तिथून येते. हा पेपर पुढे वीसेक वर्षं फार चर्चेत नव्हता, मग १९८८ ला अमेरिकन इकॉनॉमिस्ट रॉबर्ट लुकस यांनी त्याच पायावर आपलं मॉडेल उभं केलं आणि आता त्याला उझावा-लुकस मॉडेल म्हणतात. शिक्षण हे समाजाचं भांडवल आहे ही गोष्ट उझावांच्या डोक्यात तेव्हापासूनची होती, हे मी मुद्दाम सांगतोय, कारण उशिराचे उझावा वेगळे म्हणणाऱ्यांनी हा पेपर परत वाचायला हवा.

शिकागोतला आणखी एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९६५ च्या उन्हाळ्यात उझावांनी देशातल्या वेगवेगळ्या ठिकाणांहून पीएचडीची हुशार पोरं निवडून शिकागोला बोलावली. एमआयटीतून आलेल्या पोरांत जोसेफ स्टिग्लिट्झ होते आणि जॉर्ज अकरलॉफ होते. दिवसभर फळ्यावर चर्चा, आणि संध्याकाळनंतर बिअर घेत तीच चर्चा पुढे. या दोघांना २००१ ला नोबेल मिळालं, मायकेल स्पेन्ससोबत, बाजारात एका बाजूला माहिती जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असेल तर काय होतं या कामासाठी. स्टिग्लिट्झ यांनी उझावांना कायम आपले गुरू मानलं. आणि हे सगळं कुठे चाललं होतं तर शिकागोत, जिथे मिल्टन फ्रीडमन यांचा दबदबा होता, बाजाराला मोकळं सोडा तो सगळं बघून घेईल हा जिथला मुख्य सूर. उझावांना तो सूर मानवला नाही. गणिताने तेही तीच मॉडेलं सोडवत होते, पण मॉडेल सुटण्यासाठी काय काय गृहीत धरावं लागतं ते त्यांना इतरांपेक्षा जास्त चांगलं माहीत होतं, कारण ती गृहीतकं स्वतःच्या हाताने लिहिलेली होती.

आणि मग व्हिएतनाम. अमेरिकेत तेव्हा कॉलेजातल्या पोरांना लष्करात पाठवायचं की नाही हे त्यांच्या मार्कांवरून आणि वर्गातल्या नंबरावरून ठरू लागलं. म्हणजे प्रोफेसरने कमी मार्क दिले की तो पोरगा युद्धावर जाणार. मे १९६६ मधे शिकागोच्या विद्यार्थ्यांनी याविरुद्ध युनिव्हर्सिटीच्या ऑफिसच्या इमारतीत ठिय्या दिला. पेपर तपासणाऱ्या मास्तरसाठी याहून वाईट अवस्था कुठली असेल सांगा, हातातल्या लाल पेनाने तुम्ही कुणाला तरी मरायला पाठवू शकता. या युद्धामुळे उझावांचं अमेरिकेतलं मन उडालं, आणि १९६८ ला ते टोकियोला परत आले. खुर्ची शिकागोपेक्षा खालची, पगारही खूप कमी. पुढच्या वर्षी प्रोफेसर केलं, पण येताना ते असोसिएट म्हणूनच आले.

१९५६ ते १९६८. बरोब्बर एक तप. आता हे तप जपानमधे काय चाललं होतं ते बघा, कारण सगळी पार्श्वभूमी मला इथेच दिसते.

१ मे १९५६ ला क्युशू बेटावरच्या मिनामाता गावात चिस्सो या रसायनं बनवणाऱ्या कंपनीच्या हॉस्पिटलने सरकारी आरोग्य केंद्राला कळवलं की लहान मुलांमधे एक न कळणारा आजार दिसतोय, हातपाय वाकडे होतात, बोलता येत नाही, झटके येतात. कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा समुद्रात, समुद्रातून माशांत, माशांतून कोळ्यांच्या ताटात. गावातली मांजरं वेड्यासारखी नाचत मरत होती. काही वर्षांतच कुमामोतोच्या डॉक्टरांनी पाऱ्याकडे बोट दाखवलं होतं, पण कारखाना चालूच राहिला आणि आईच्या पोटातूनच आजार घेऊन येणारी मुलं जन्मत राहिली. सरकारने हा आजार चिस्सोच्या सांडपाण्यामुळेच होतो हे मान्य केलं सप्टेंबर १९६८ मधे. तोपर्यंत ज्यातून हा पारा बाहेर पडत होता ते उत्पादनच कंपनीने बंद केलं होतं, गरज उरली नव्हती म्हणून. म्हणजे ज्या वर्षी उझावा गेले त्या वर्षी आजाराची पहिली नोंद, आणि ज्या वर्षी ते परत आले त्या वर्षी सरकारची कबुली. आणि मधल्या बारा वर्षांत ते कशावर काम करत होते तर आर्थिक वाढीच्या मॉडेलांवर, आणि जपान त्याच बारा वर्षांत वाढीचं जगातलं सर्वांत मोठं उदाहरण झाला, साठच्या दशकात वर्षाला १० टक्क्यांच्या आसपास, आणि १९६८ ला तर पश्चिम जर्मनीला मागे टाकून भांडवली देशांत दुसऱ्या नंबरवर. मॉडेलमधली रेघ वर जात होती आणि ती खरंच वर गेली. त्या रेघेखाली काय होतं ते बघायला ते परत आले.

युनिव्हर्सिटीतही तेव्हा आगच लागली होती. विद्यार्थ्यांचं आंदोलन इतकं पेटलं की जानेवारी १९६९ मधे युनिव्हर्सिटीच्या यासुदा हॉलमधून पोरांना बाहेर काढायला हजारो पोलीस, पाण्याचे फवारे, दोन दिवसांची लढाई, आणि त्या वर्षी टोकियो युनिव्हर्सिटीची प्रवेश परीक्षाच झाली नाही.

उझावा स्वतः मिनामाताला गेले. तिथे हारादा मासाझुमी नावाचे डॉक्टर होते, आईच्या पोटातून आलेल्या आजाराचं निदान सिद्ध करणारे, आयुष्यभर पेशंटांच्या घरी जाऊन जमिनीवर बसून तपासणारे, त्यांच्याबरोबर उझावा गेले. इतकी वर्षं आपण जी थिअरी केली तिच्यात या माणसांना जागाच नाही, हे त्यांना तिथे लख्ख दिसलं. मॉडेलमधे समुद्र कुणाच्याच मालकीचा नसतो म्हणून त्याला भाव नसतो, भाव नाही म्हणून तो फुकट, आणि फुकट म्हणून कारखान्याने वापरून टाकला. पण कोळ्यांसाठी तो समुद्र पिढ्यान्‌पिढ्या त्यांचाच होता, त्यात काय करायचं काय नाही याचे नियम होते, फक्त कागदावर सातबारा नव्हता.

आता मोटारीवर येतो. खरं तर याच भागासाठी मी लिहायला बसलो.

१९७० ला जपानमधे रस्त्यावरच्या अपघातांत १६,७६५ माणसं मेली, हा त्यांचा आजवरचा सर्वांत वाईट आकडा, आणि तेव्हा लोक त्याला ट्रॅफिकचं युद्धच म्हणायचे. अमेरिकेहून आलेल्या उझावांना टोकियोत चालताना धक्का बसला, की फुटपाथ नसलेल्या अरुंद गल्ल्यांतून गाड्या माणसांच्या अंगाला घासून जातायत आणि शाळेत जाणारी पोरं भिंतीला चिकटून उभी राहतायत आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. त्यांचा खास राग होता रस्ता ओलांडायच्या पुलांवर. साठच्या दशकात जपानने असे पूल भराभर बांधले, अपघात कमी करायला. उझावांचं म्हणणं, हा पूल बघा, उंच, जिना खडा, म्हातारी माणसं आणि कडेवर पोर घेतलेल्या बाया धापा टाकत वर चढतायत, आणि खालून गाडी सपाट जमिनीवरून सुसाट जातेय. रस्ता माणसाचा होता, गाडी नंतर आली, मग चढायचं कुणी? असे पूल म्हणजे आपल्या समाजाच्या दारिद्र्याची खूण आहे असंच त्यांनी लिहिलं. मी हे वाचलं तेव्हा मला माझी आई आठवली, दोन्ही गुडघे गेलेले, एका हातात पिशवी, पुलाच्या पहिल्या पायरीशी कठडा धरून उभी, वर बघतेय आणि मग म्हणते, जाऊ दे, खालूनच जाऊ, थांबतील गाड्या. त्या पानावर मी बराच वेळ थांबलो होतो.

तर १९७४ चं ते छोटं पुस्तक. विषय असा की मोटार चालवणारा पेट्रोलचे, गाडीचे पैसे देतो, पण त्याच्यामुळे बाकीच्यांचा जो तोटा होतो, अपघात, धूर, आवाज, गेलेली चालायची जागा, तो कोण भरतं आणि तो किती. हा हिशोब त्याआधी तीन जणांनी केला होता. परिवहन मंत्रालयाचं उत्तर आलं गाडीमागे ७० हजार येनच्या आसपास. मोटार बनवणाऱ्यांच्या संघटनेचं ७ हजार. नोमुरा रिसर्च इन्स्टिट्यूटचं १ लाख ८० हजार. उझावांनी विचारलं, या आकड्यांत मेलेल्या माणसाची किंमत कशी काढली? तर पद्धत अशी होती, की तो जगला असता तर पुढे किती कमावलं असतं ते काढायचं आणि आजच्या भावात आणायचं. ऐकायला शास्त्रीय वाटतं. पण समजा गाडीखाली आलेली बाई ८० वर्षांची आहे, कमाई शून्य, तर किंमत शून्य. समजा अंथरुणाला खिळलेला पेशंट आहे, त्याच्यावर खर्चच होणार होता, तर किंमत शून्याच्याही खाली, म्हणजे हिशोबाने तो मेला तर समाजाचा फायदा. ज्या हिशोबातून असं उत्तर निघतं तो हिशोब मुळातच चुकलाय असं उझावांनी स्पष्ट सांगितलं, आणि हे सांगणारा माणूस गणिताला घाबरणारा नव्हता, याचं वजन वेगळं पडतं.

मग त्यांनी प्रश्नच उलटा केला. माणूस मेल्यावर किती द्यायचे हे विचारूच नका. सुरक्षितपणे चालता येणं हा नागरिकाचा मूळ हक्क आहे, तो कुणाला पैसे देऊन विकत घेता येत नाही. तर टोकियोचे रस्ते असे करायला किती खर्च येईल की गाड्याही चालतील आणि कुणाचा हा हक्क जाणार नाही? दोन्ही बाजूंना चार-चार मीटर, म्हणजे रस्ता आठ मीटरने रुंद करायचा, झाडं, फुटपाथ, लोकांच्या घरांपासून अंतर. सुमारे २० हजार किलोमीटर रस्ते. जमीन आणि बांधकाम धरून खर्च २४ लाख कोटी येन. टोकियोतल्या गाड्या २० लाख. भागाकार करा, गाडीमागे १ कोटी २० लाख येन, आणि त्यावरचं व्याज आणि देखभाल धरली तर वर्षाला २० लाख. मंत्रालयाचे ७० हजार कुठे आणि हे २० लाख कुठे!

या आकड्यावर भरपूर टीका झाली, कोण एवढे पैसे देणार, जपानचा मोटारधंदा बुडेल वगैरे. माझ्या मते आकडा थोडा इकडेतिकडे झाला असता तरी मुद्द्याला धक्का लागला नसता, कारण त्यांचा मुद्दा क्रमाचा होता. आधी हक्क ठरवा, मग त्याला धरून खर्च काढा. बाकीचे आधी नुकसान होऊ देत होते आणि मग त्याची किंमत लावत होते. इकॉनॉमिक्स शिकलेल्या माणसाने ही दोन वाक्यं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावीत असं मला मनापासून वाटतं. आणि ते स्वतःही तसेच जगत होते, पांढरीशुभ्र लांब दाढी, पाठीला सॅक, आणि हा टोकियो युनिव्हर्सिटीचा प्रोफेसर शहरात पळत जायचा, खरोखर जॉगिंग करत.

या सगळ्यातून हळूहळू त्यांची मोठी कल्पना तयार झाली, समाजाचं सामायिक भांडवल. तीन गोष्टी त्यात येतात, एक निसर्ग म्हणजे हवा, नद्या, जंगल, समुद्र, दुसरी रस्ते-पाणी-वीज, आणि तिसरी शिक्षण, आरोग्य, न्याय अशा संस्था. या गोष्टी बाजारावर सोडायच्या नाहीत आणि सरकारी बाबूंच्या मर्जीवरही नाहीत, तर त्या त्या विषयातले जाणकार लोक त्यांचा सांभाळ करतील, त्यांच्या पेशाच्या शिस्तीने, समाजाने विश्वासाने सोपवलेली ठेव म्हणून. डॉक्टर जसा शपथेला बांधलेला असतो तसा. आलं ना लक्षात, १७-१८ वर्षांचा असताना ज्या शपथेपुढे तो मुलगा मागे फिरला होता ती शपथ त्याने अख्ख्या इकॉनॉमिक्सच्या मधोमध आणून ठेवली. जपानी वाचकांसाठी यावरचं पुस्तक २००० साली आलं आणि २००५ ला केंब्रिजने छापलेलं इंग्रजी पुस्तक, त्यात परत तेच जुनं कडक गणित, पानंच्या पानं. म्हणजे गणित त्यांनी सोडलं वगैरे काही नाही.

एक प्रसंग ते स्वतः सांगायचे. १९८३ ला सरकारचा सांस्कृतिक सन्मान मिळाला तेव्हा सम्राट हिरोहितोंसमोर प्रत्येकाने आपल्या कामाबद्दल थोडं बोलायचं होतं. उझावा गडबडले, केन्स काय, नवअभिजात थिअरी काय, सामायिक भांडवल काय, त्यांचं त्यांनाच कळेना आपण काय बोलतोय. तेवढ्यात सम्राट मधेच म्हणाले, तुम्ही इकॉनॉमी इकॉनॉमी म्हणताय, पण तुम्हाला म्हणायचंय ते एवढंच ना, की माणसाचं मन महत्त्वाचं. उझावा म्हणायचे की त्या वाक्याने मी हादरलो, कारण आम्हाला इकॉनॉमिक्समधे पहिल्या दिवसापासून शिकवलं जातं ते हेच की मन मधे आणायचं नाही.

नारिताचा मामला तर स्वतंत्र लिहावा इतका मोठा आहे, थोडक्यात सांगतो. १९६६ च्या जुलैत सरकारने टोकियोचा नवा विमानतळ नारितातल्या सानरिझुकाला करायचं ठरवलं, तिथल्या शेतकऱ्यांना विचारलंसुद्धा नाही. त्यातले कित्येक जण युद्धानंतर पडीक जमीन हाताने फोडून स्थायिक झालेले. मग जबरदस्तीने ताबा, मारामाऱ्या, दोन्हीकडची माणसं मेली, विद्यार्थी संघटना शेतकऱ्यांच्या बाजूने उतरल्या, १९७८ च्या मार्चमधे आंदोलकांनी कंट्रोल टॉवरमधे घुसून तो फोडला, आणि मे महिन्यात विमानतळ एकाच धावपट्टीवर कसाबसा चालू झाला. पुढे नव्वदच्या सुरुवातीला सुमिया मिकिओ या ज्येष्ठ इकॉनॉमिस्टच्या पुढाकाराने काही अभ्यासक मधे पडले, त्यात उझावा. नोव्हेंबर १९९१ ते मे १९९३, १५ जाहीर बैठका, सरकार आणि शेतकरी समोरासमोर एका टेबलावर. शेवटी सरकारने जबरदस्तीने जमीन घेणार नाही हे मान्य केलं आणि आपली चूक कबूल केली. विमानतळ हे सामायिक भांडवल आणि शेतीसुद्धा सामायिक भांडवल, मग एकासाठी दुसरं चिरडायचा हक्क कुणाला, हा प्रश्न उझावांना इथे कागदावर नाही तर माणसांच्या चेहऱ्यांवर बघावा लागला.

याच काळात व्हॅटिकनचंही बोलावणं आलं. नोव्हेंबर १९९० मधे पोप जॉन पॉल दुसरे यांच्या चर्चने जगभरातले काही इकॉनॉमिस्ट सल्ल्याला बोलावले, त्यात अ‍ॅरो होते, आपले अमर्त्य सेन होते, उझावा होते. कामगारांच्या हलाखीवरच्या १८९१ च्या पोपच्या पत्राला १०० वर्षं होत होती म्हणून नवं पत्र काढायचं होतं. जुन्या पत्राचा सूर होता भांडवलशाहीचे अत्याचार आणि समाजवादाचा भ्रम, उझावांनी सुचवलं की आता हे उलटं करा, समाजवादाचे अत्याचार आणि भांडवलशाहीचा भ्रम. सोव्हिएत युनियन कोसळायला आलेला तो काळ, सगळे बाजाराचा जयजयकार करत होते, तेव्हा ही दुसरी बाजू बोलून दाखवायला धीर लागतो.

ग्लोबल वॉर्मिंगवरही ते १९९० पासूनच बोलत होते, आणि त्यांचा कार्बन टॅक्स वेगळा होता. सगळ्या देशांना एकच दर लावला तर तो अमेरिकेतल्या माणसाला जाणवणारही नाही आणि गरीब देशातल्या माणसाचं कंबरडं मोडेल, म्हणून दर त्या त्या देशाच्या माणशी उत्पन्नाच्या प्रमाणात ठेवा, जंगल लावणाऱ्याला उलट पैसे द्या, आणि जमलेल्या पैशाचा एक भाग आंतरराष्ट्रीय फंडातून गरीब देशांना जाऊ द्या. भारतात बसून वाचताना हे किती सरळ न्यायाचं वाटतं! पर्यावरणाच्या कामासाठी दिला जाणारा २००९ चा ब्लू प्लॅनेट पुरस्कार त्यांना आणि ब्रिटिश इकॉनॉमिस्ट निकोलस स्टर्न यांना असा दोघांना मिळाला.

नोकरीचं म्हणाल तर १९७६ ला इकॉनोमेट्रिक सोसायटीचे अध्यक्ष, १९८९ ला टोकियोतून रिटायर, मग निगाता आणि चुओ युनिव्हर्सिटीत, १९९७ ला जपानचा सर्वोच्च सांस्कृतिक सन्मान. नोबेलसाठी नाव दरवर्षी घेतलं जायचं, मिळालं नाही. मार्च २०११ मधे, भूकंप आणि फुकुशिमाचा अणुभट्टीचा अपघात झाला त्याच महिन्यात, त्यांना मेंदूचा झटका आला आणि त्यानंतर ते पूर्ववत झाले नाहीत. १८ सप्टेंबर २०१४ ला ते गेले, वय ८६.

मार्च २०१६ मधे त्यांच्या स्मरणार्थ टोकियोत कार्यक्रम झाला आणि मुख्य भाषणाला अमेरिकेहून स्टिग्लिट्झ आले. १९६५ च्या त्या उन्हाळ्यात ते शिकागोला उझावांकडे पोचले होते तेव्हा २२ वर्षांचे होते.